'अडकलेले' या शब्दाविषयी

२०२० साली वर्तमानपत्रांतून आणि सरकारी पत्रकांतून मराठीत जे शब्द रोज वापरात आले, त्यांपैकी 'टाळेबंदी', 'विलगीकरण', 'सामाजिक अंतर' यांवर बरेच लिहिले-बोलले गेले. हे शब्द घडवलेले होते, त्यामुळे त्यांच्या बऱ्यावाईटाची चर्चा होणे साहजिक होते. त्याच काळात, त्याच पानांवर आणखी एक शब्द सतत येत होता आणि तो इतका जुना, इतका घरगुती होता की त्याच्याकडे थांबून पाहावे असे कोणाला वाटले नसावे. तो म्हणजे 'अडकलेले'. परदेशात अडकलेले विद्यार्थी, बंदरात अडकलेले खलाशी, शहरात अडकलेले मजूर. आमच्या घरातील एका व्यक्तीला हे विशेषण सुमारे तीन महिने लागू होते. त्या अनुभवाच्या निमित्ताने या शब्दाविषयी काही लिहावे असे मनात होते, ते आज लिहीत आहोत.

'अडकणे' हे अकर्मक क्रियापद आहे. काटा घशात अडकतो, पतंग तारेत अडकतो, कागद कचेरीत अडकतो. अडकवणारा कोण, हे सांगण्याची जबाबदारी हे क्रियापद घेत नाही, आणि सरकारी गद्याला ते सोयीचे वाटते ते याचमुळे. पण त्यात आणखी एक गृहीतक दडलेले आहे. अडकणारी वस्तू मुळात कुठेतरी निघालेली असावी लागते. पतंगाला उडायचे होते, कागदाला पुढच्या टेबलावर जायचे होते. माणसाला 'अडकलेला' म्हणताना तो कुठे निघाला होता, किंबहुना त्याचे खरे ठिकाण कोणते, हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते. आमच्या प्रकरणात सारा घोळ नेमका इथेच होता.

प्रकरण अगदी साधे होते. आमची पत्नी १० जानेवारी २०२० रोजी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला पोहोचली. बदलापूरसारख्या गावातही ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. आमच्याच इमारतीतून त्याआधीच्या दोन वर्षांत तीन आया अशा निमित्ताने अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. आळीव, डिंक, बाळंतशेपा, सुती दुपटी आणि वेखंडाची कांडी असलेली बॅग विमानतळावर उघडून दाखवावी लागली तर इंग्रजीत काय सांगायचे, याची तालीम आमच्याकडे आठवडाभर चालली होती. फेब्रुवारीत नात झाली. परतीचे तिकीट २८ मार्चचे होते. मागे कुळगावातल्या एका बेडरूमच्या घरात आम्ही आणि आमची शहाऐंशी वर्षांची आई, असे दोघेच होतो. आईचे औषधपाणी, तिचे वेळापत्रक, तिचा हट्ट आणि तिचा विश्वास हे सर्व गेली तीस वर्षे सुनेच्या हातात होते.

पुढचा क्रम सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. ते दुबईहून परतलेले होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. २२ मार्चपासून आठवडाभर परदेशातून एकही नियमित प्रवासी विमान भारतात उतरणार नाही, अशी घोषणा १९ मार्चला झाली. त्याच २२ मार्चला जनता कर्फ्यू होता आणि त्याच रात्रीपासून मुंबईची लोकल सामान्य प्रवाशांसाठी थांबली. बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे. या गावाचे घड्याळ, पगार आणि झोप हे सारे लोकलवर चालते. पहाटेची पहिली गाडी निघाल्याचा आवाज नाही, अशी सकाळ आम्ही त्यापूर्वी २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर अनुभवली होती. पण तो खंड थोड्या दिवसांचा होता. या वेळी आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याचे महिने. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडावा लागला.

आम्ही आयुष्यभर वर्गात विरह शिकवला. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या शिकवल्या, जात्यावरच्या ओव्यांतले माहेर शिकवले, संस्कृतच्या मुलांना आणि कधी मराठीच्याही मुलांना 'मेघदूत' शिकवले. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांताबाई शेळके अशा अनेकांनी ते काव्य मराठीत आणले आहे, त्यामुळे त्याची तुलना हा विद्यापीठीय परीक्षेतला आवडता प्रश्न असतो. त्या एप्रिलमध्ये 'मेघदूत' पुन्हा वाचायला घेतले तेव्हा एक गोष्ट प्रथमच नजरेत भरली. यक्षाला तारीख माहीत आहे. शाप एका वर्षाचा आहे, त्यातले आठ महिने सरले आहेत, विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे कार्तिकातल्या प्रबोधिनीला, तो संपणार आहे, उरले चार महिने. निरोपात तो पत्नीला हा हिशेब नीट कळवतो. त्याच्या दुःखाचे सौंदर्य, त्याला सुचणाऱ्या नद्या, शिखरे, उज्जयिनीचे सौध, हे सगळे या निश्चित तारखेच्या आधाराने उभे आहे, असे आम्हाला वाटू लागले. ज्याला शेवट ठाऊक आहे तोच मधल्या प्रदेशाचे वर्णन करू शकतो. आमच्याकडे तारीख नव्हती. दर पंधरवड्याला एक नवे पत्रक निघे आणि बंदी पुढे सरके. अशा अवस्थेत माणसाला मेघ दिसत नाही. तो फक्त पत्रक शोधतो.

शिवाय यक्षाला व्यवस्था करायची नव्हती. आमच्या परंपरेतला विरही माणूस झुरतो, निरोप पाठवतो, शकुन विचारतो, पण अर्ज भरत नाही. आमचे एप्रिल आणि मे हे दोन महिने बव्हंशी अर्जांत गेले. व्हिसावरचा मुक्काम ९ जुलैपर्यंतचा होता. त्यापलीकडे राहायचे तर मुदतवाढीचा अर्ज, त्याची फी ३७० डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर, आणि ठसे घेणारी कार्यालये १८ मार्चपासून बंद. पत्नीच्या रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या एप्रिलअखेरपर्यंत पुरतील इतक्याच नेलेल्या. तिथल्या डॉक्टरने पडद्यावरून तपासल्याशिवाय नव्या गोळ्या मिळेनात. त्यासाठी बदलापूरच्या आमच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी शोधून, तिच्यातले त्यांचे अक्षर लावून, ती टंकून पाठवायची. प्रवासी विम्याची मुदत वाढवायची. जुन्या तिकिटाचे पैसे परत मिळतात की ते 'क्रेडिट' म्हणून पडून राहतात, याची चौकशी करायची. घड्याळात साडेनऊ तासांचे अंतर, त्यामुळे तिथली कचेरी उघडे तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असे. संध्याकाळी साडेसातला, तिथल्या सकाळी दहाला, व्हिडिओ कॉल ठरलेला. आई खुर्ची ओढून फोनसमोर बसे आणि रोज एकच प्रश्न विचारी, "सूनबाई, कधी यायची?"

न्यू जर्सी हे नाव मराठी वाचकाला पूर्वीपासून परिचयाचे आहे, ते आनंदीबाई जोशींमुळे. आनंदीबाईंचे माहेर कल्याणचे, आमच्या बदलापूरपासून चार स्थानके अलीकडे. त्या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल येथे कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतले. आमची मुलगी राहते तिथून ते रोझेल गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. गोपाळराव डाक खात्यात नोकरीला होते. बायकोला इतक्या दूर धाडण्याची सारी जुळवाजुळव पोस्टातल्या एका कारकुनाने पत्रांवर केली, ही गोष्ट आम्ही कितीदा तरी शिकवली होती. काशीबाई कानिटकरांचे चरित्र आणि श्री. ज. जोशींची कादंबरी यांमुळे गोपाळरावांचा विक्षिप्तपणा आपल्या मनावर ठसलेला आहे, आणि त्यांच्या पत्रांतला जाच नाकारण्याचे कारण नाही. पण त्या वसंतात आम्हाला त्यांची दुसरी बाजू दिसली. पाठवलेल्या पत्राचे उत्तर यायला महिने लागत असताना, दूरच्या माणसाचे पैसे, प्रकृती आणि मुक्काम यांची काळजी टपालाच्या वेळापत्रकावर बेतून करणारा हा माणूस होता. आम्हाला बोलणे क्षणात होत होते आणि येणे अशक्य होते. त्यांच्या काळी येणे शक्य होते, बोलणे अशक्य. दोहोंत सुसह्य काय, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

'अडकलेली' या शब्दावर पहिली हरकत खुद्द पत्नीने घेतली. एका नातेवाइकाशी फोनवर बोलताना आम्ही "ती तिकडे अडकली आहे" असे म्हणालो, ते व्हिडिओ कॉल चालू असल्यामुळे तिने ऐकले. "अहो, अडकले असं सगळ्यांना सांगू नका," ती म्हणाली. "मी लेकीच्या घरी आहे. इथे बाळ दोन महिन्यांचं आहे, जावई घरातून काम करताहेत, बाहेरून कोणी मदतीला येऊ शकत नाही. मी नसते तर ही पोर अडकली असती." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, पण आईचा साडेसातचा प्रश्न होता. एकाच बाईची एका घरी सुटका होती आणि दुसऱ्या घरी अडचण. सरकारी शब्द यांतले एकच घर मोजत होता.

त्या दिवसांत जगभर अनेकांनी अल्बेर कामूची १९४७ ची 'द प्लेग' कादंबरी बाहेर काढली. आम्हीही काढली. तिच्यातला रांबेर हा वार्ताहर कामानिमित्त ओरानला आलेला असतो. गावाचे दरवाजे बंद होतात, प्रेयसी पॅरिसला. तो डॉक्टरकडे जातो आणि आपल्याला रोग नाही असा दाखला मागतो. डॉक्टर नकार देतो. तो तुमच्यासारख्या हजारोंना द्यावा लागेल, आणि रोग आत्ता नसला तरी दाराबाहेर पडेपर्यंत होणार नाही याची हमी कोण देणार, असा त्याचा साधा युक्तिवाद आहे. वर्गात शिकवताना आमची मुले नेहमी रांबेरच्या बाजूची असत आणि आम्ही डॉक्टरच्या. कामूच्या चरित्रातला एक तपशील या संदर्भात महत्त्वाचा आहे. १९४२ च्या शरदात त्याची पत्नी फ्रान्सहून ओरानला परतली. तो क्षयाच्या उपचारासाठी मागे राहिला. नोव्हेंबरमध्ये दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरले, जर्मनांनी दक्षिण फ्रान्स व्यापला आणि वाट बंद झाली. दोघांची भेट १९४४ मध्ये झाली. ताटातूट ही त्या कादंबरीत रोगाइतकीच केंद्रस्थानी का आहे, याचे हे एक कारण असावे.

दाखल्याचा प्रश्न आमच्याकडे मे महिन्यात आला. ७ मेपासून 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली. पहिल्या आठवड्यासाठी बारा देशांतून चौसष्ट विमाने, सुमारे चौदा हजार आठशे माणसे, अशी योजना होती. अमेरिकेहून येण्याचे भाडे सरकारने साधारण एक लाख रुपये सांगितले होते. वकिलातीकडे नाव नोंदवायचे आणि परतण्याचे निकडीचे कारण द्यायचे. प्राधान्याचा क्रम पत्रकात स्पष्ट होता: नोकरी गेलेले कामगार, व्हिसाची मुदत संपत आलेले अल्पमुदतीचे प्रवासी, आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरात मृत्यू झाल्यामुळे परतणे भाग असलेले, विद्यार्थी. हे वाचताना आमच्या ध्यानात आले की यादीत आमचे नाव वर सरकण्याचा एक खात्रीचा मार्ग त्या कागदावरच छापलेला आहे, आणि तो म्हणजे आईचे न राहणे. ती असेपर्यंत तिच्या सुनेची गरज 'निकडीची' ठरत नव्हती. हे कोणाचे क्रौर्य नव्हे. यादी करायची तर कुठेतरी रेघ मारावी लागते. तरीही तो कागद आईच्या हाती लागू नये म्हणून आम्ही तो पुस्तकात ठेवला.

मुलीने सुचवले की कारणाच्या रकान्यात 'कुटुंबातील गंभीर आजार' असे लिहावे. आजीचे वय, तिचा दमा, मागच्या वर्षीचा इस्पितळातला मुक्काम, कागद सगळे होते. आमचेही मत तेच होते. पत्नीने नकार दिला. "आई आजारी नाहीत, म्हाताऱ्या आहेत," ती म्हणाली. "म्हातारपण आजार म्हणून लिहू नका. इथे वसतिगृहातून बाहेर काढलेली पोरं आहेत, त्यांना रात्री टेकायला जागा नाही. मला इथे लेक आहे, घर आहे, जेवण आहे." आम्ही म्हणालो, शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या बाबतीत म्हातारपण आणि आजार यांतला फरक किती दिवस टिकणार? ती म्हणाली, टिकेल तितके दिवस खरे लिहावे.

हा वाद मिटला नाही, आणि आजही आम्हाला तो मिटण्यासारखा वाटत नाही. आमच्या बाजूने बोलायचे तर, ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत त्या माणसाला जवळ आणण्याचा प्रयत्न करणे हे कुटुंबातल्या माणसाचे काम आहे. रांग न्याय्य ठेवणे हे रांग लावणाऱ्याचे काम. तिच्या बाजूने बोलायचे तर, रांगेतला प्रत्येक जण असेच म्हणाला तर रांग उरतच नाही. मोहीम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडपाशी रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी. त्यांनाही बातम्यांत 'अडकलेले' म्हटले जात होते. एकाच विशेषणाखाली लाख रुपयांचे तिकीट घेणारे आणि रुळांवरून चालणारे असे दोघे बसत होते. त्या दिवशी संध्याकाळच्या कॉलवर कोणीच फारसे बोलले नाही. रकान्यात शेवटी लिहिले गेले ते इतकेच: अल्पमुदतीचा व्हिसा, मुदत ९ जुलैला संपते. पहिल्या दोन टप्प्यांत नाव आले नाही.

बदलापूरच्या परिसराला थांबलेल्या प्रवाशांची ओळख नवी नाही. घोडे बदलण्याचे ठाणे म्हणून या गावाला हे नाव पडले, असे जुने लोक सांगतात. शेजारचे उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसे तिथल्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला शहराचे नाव मिळाले. तात्पुरत्या मुक्कामासाठी आलेल्यांनी तिथे गाव वसवले. आणि अगदी अलीकडे, २७ जुलै २०१९ रोजी, बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस उभी राहिली. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. होड्या आणि हेलिकॉप्टरे आली, आसपासच्या गावकऱ्यांनी हात दिला, आणि दुपारपर्यंत सगळे बाहेर निघाले. ते अडकणे आणि हे अडकणे यांत फरक असा होता की पुराचे पाणी डोळ्यांना दिसत होते आणि सुटका म्हणजे काय, याबद्दल गाडीतल्या आणि काठावरच्या माणसांत दुमत नव्हते.

५ जूनला तिसऱ्या टप्प्याची तिकिटे थेट संकेतस्थळावर विकायला खुली झाली. दोनच दिवसांपूर्वी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकून गेले होते, आमच्याकडे वीज येत-जात होती, त्यामुळे ते काम तिकडे जावयांनी अंगावर घेतले. कित्येक तास पान उघडत नव्हते. उघडले तेव्हा २० जूनला मुंबईत उतरणाऱ्या विमानात एक जागा मिळाली. मुलगी म्हणाली, "आई, तू जा," आणि नंतर दिवसभर काही बोलली नाही. हे आम्हाला जावयांकडून कळले.

तारीख मिळाली आणि खरी अडचण समोर आली. तिने ज्या कारणासाठी यायचे, त्याच कारणासाठी तिने घरात येऊ नये, अशी स्थिती होती. घरात शहाऐंशी वर्षांची दमेकरी आई आणि सून सोळा-सतरा तासांचे बंद विमान करून येणार. २४ मेच्या नियमानुसार चौदा दिवसांचे विलगीकरण, पैकी सात दिवस स्वखर्चाने ठरवून दिलेल्या जागी, सात दिवस घरी. घरी म्हणजे एका बेडरूमच्या घरात, एकाच न्हाणीघरासह. त्यात इमारतीच्या समितीने निरोप धाडला की अमेरिकेहून येणाऱ्या व्यक्तीने चौदाही दिवस बाहेरच काढावेत. आम्ही नियमाची प्रत जोडून पत्र लिहिले. उत्तरादाखल आणखी एक सूचना जिन्याखालच्या फळ्यावर लागली.

त्या वेळी राज्यात वापरला जात होता तो साथरोगांचा कायदा १८९७ चा. मुंबईत १८९६ साली प्लेग आला त्यानंतरचा. त्याच कायद्याने रेल्वेच्या प्रवाशांची आणि जहाजांची तपासणी करण्याचे अधिकार सरकारला दिले. प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमातून पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. हा इतिहास आम्हाला पुस्तकातून माहीत होता. आईला तो तिच्या आईच्या तोंडून माहीत होता. 'क्वारंटीन' हा शब्द तिला सांगावा लागला नाही. घरात उंदीर पडला की सारे गाव सामान घेऊन माळावर झोपड्या बांधून राही, पाहुणा आला तर वेशीवर थांबे, भाकरी दगडावर ठेवून माणूस मागे सरे, हे ती सांगू लागली. व्हेनिसच्या चाळीस दिवसांवरून तो शब्द आला, त्याआधी १३७७ मध्ये रागुसा बंदराने तीस दिवसांचा नियम केला होता, असे आम्ही तिला म्हणालो. तिने विचारले, "आणि जेवण कोण देई?" विलगीकरणाच्या इतिहासावरचा याहून नेमका प्रश्न आम्ही कुठे वाचलेला नाही.

उत्तर समोरच्या दारातून आले. आमच्या समोरचे बिऱ्हाड मार्चच्या सुरुवातीला चिपळूणजवळच्या आपल्या गावी शिमग्याला गेले होते ते तिथेच होते. किल्ली नेहमीप्रमाणे आमच्याकडे. त्यांच्या कानावर हे गेले, तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला आणि सांगितले की घर रिकामेच आहे, वहिनींना तिथे ठेवा, समितीला आम्ही सांगतो. मालकाची लेखी संमती आल्यावर समितीचा आक्षेप मागे पडला.

पत्नी २० जूनला उतरली, सात दिवस जिल्ह्यातल्या एका हॉटेलात राहिली. २२ जूनला आषाढ लागला. तिने खिडकीतून दिसणाऱ्या पावसाचे एक छायाचित्र पाठवले, त्यावर मजकूर नव्हता. २७ जूनला ती समोरच्या घरात आली. आठवडाभर दोन दारे समोरासमोर, जाळीची, आणि मधे जिन्याची सहा फूट फरशी. आई आमच्या उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसे, पत्नी त्यांच्या. ताट आम्ही मधल्या फरशीवर ठेवत होतो आणि मागे सरत होतो. १ जुलैला एकादशी आली. संतांच्या पादुका त्या वर्षी आदल्या दिवशी एस.टी.ने पंढरपूरला गेल्या, हे दोघींनी आपापल्या घरातल्या दूरचित्रवाणीवर पाहिले आणि मग दारात येऊन त्यावर बोलल्या. आई म्हणाली, "माउलींनासुद्धा परवानगी काढावी लागली." आईने त्या आठवड्यात सुनेला नातीबद्दल जितके प्रश्न विचारले, तितके तिने सहा महिन्यांच्या कॉलवर विचारले नव्हते. बाळाचा रंग कोणावर गेला, ते कुशीवर वळते का, तेल कोणते लावता. आणि एकदा, आम्ही आत आहोत असे पाहून, तिने विचारले, "पोरीला एकटी टाकून आलीस, तिचं कसं होईल?" पत्नीने काय उत्तर दिले ते आम्हाला ऐकू आले नाही.

ते वर्ष अधिक मासाचे होते. अधिक आश्विनामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि प्रबोधिनी २६ नोव्हेंबरला आली. यक्षाचा हिशेब त्या वर्षी एका महिन्याने चुकला असता. आई आणखी दीड वर्ष होती आणि शेवटपर्यंत तिची औषधे सुनेच्याच हातून घेत होती. नात पुढे दोन वर्षांची झाल्यावर आम्ही दोघांनी तिला प्रत्यक्ष पाहिले.

आता मूळ शब्दाकडे. मराठीत थांबलेल्या माणसासाठी क्रियापदांची वाण नाही. खोळंबणे आहे, त्यात पुढे निघण्याची आशा आहे. रखडणे आहे, त्यात वेळेचा अपव्यय आहे. तिष्ठणे आहे, ते वाट पाहणाऱ्याचे, म्हणजे आमचे. गुंतणे आहे, त्यात मायाही येते आणि कामही येते. महासाथीच्या काळातले लेखन, पत्रे, रोजनिश्या, कथा, आता हळूहळू अभ्यासाचा विषय होत आहे. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरकारी 'अडकलेले' बाजूला ठेवून त्या त्या माणसाने स्वतःसाठी कोणते क्रियापद वापरले आहे ते पाहावे, असे सुचवावेसे वाटते. पत्नी त्या सहा महिन्यांविषयी बोलताना आजही 'राहिले' म्हणते. "मी तेव्हा लेकीकडे राहिले." चिपळूणचे शेजारी दिवाळीच्या सुमारास परतले, किल्ली घ्यायला आले तेव्हा आम्ही सहज विचारले की इतके महिने गावी अडकून पडलात, त्रास झाला असेल. ते म्हणाले, "नाही हो, राहिलो की गावी. भातलावणी केली यंदा." आणि दार उघडून आत गेल्यावर पाच मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी विचारले, वहिनींची एक चादर आमच्याकडे राहिली आहे, ती आता देऊ की धुऊन देऊ.